नारळ ठेवला ड्रायव्हरने

शुक्रवार, दिवेलागण

आज उमेदवार देवळात आला. गावचा डोंगर बिल्डरला कापू देणार नाही, म्हणाला. गुरवाने त्याच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं, पण देवापुढे नारळ ठेवला त्याच्या ड्रायव्हरने. हा नुसता बाजूला उभा. आमच्याकडे शब्द देणाऱ्यानेच नारळ ठेवायचा असतो, हे पेडण्यात वाढलेल्या माणसाला ठाऊक नाही?

"हातात मोबाईल होता गो त्याच्या," हे म्हणाले.

असेल. पण मग देवाला शब्द कुणी दिला, ड्रायव्हरने? माझं मत डोंगरासाठीच आहे. डोंगर गेला की आमची विहीर आटलीच.

उद्या तो दारोदार फिरणार आहे. परसातला नारळ शेंडी ठेवून सोललाय. त्याच्या हातात देईन आणि म्हणेन, चला, देऊळ समोरच आहे.