कऱ्हेवरचा उतार

३ सप्टेंबर १९३६
शाळेच्या कपाटात जुना सर्व्हेचा नकाशा सापडला. कापडावर चिकटवलेला, पन्नास वर्षांचा. अख्खी कऱ्हाटी त्यात आहे — देवळं, विहिरी, ओढे. आणि गावाखालच्या वळणावर चक्क नदी ओलांडायचा उतार! तिथून बारामती दोन मैलांनी जवळ पडेल. वर्षभर इथं मास्तरकी करतोय, एकानंही सांगितलं नाही. अडाणी लोक.

५ सप्टेंबर
भीमा वांग्याची गाडी घेऊन बाजाराला जातो. त्याला शाळेत बोलावून नकाशा दाखवला. आम्ही दोघंच होतो. तो मान हलवत राहिला. म्हणाला, तितं डोह हाय, जुनी माणसं जाऊ देत न्हाईत.
मी हसलो. सरकारनं मोजून काढलेलं खरं, की तुझ्या म्हाताऱ्यांचं? म्हटलं, भित्रा आहेस.
ओशाळून गेला.

८ सप्टेंबर
भीमा बुडाला. त्याच वळणावर, गाडीसकट. एक बैल तेवढा वर आला.

९ सप्टेंबर
पाटील आबासाहेबांचं म्हणणं — शुद्धीतला माणूस त्या डोहात गाडी घालीलच कशाला? प्यायलेला असणार. बाकीच्यांनी माना डोलावल्या.
भीमा दारूला शिवत नव्हता. मला माहीत होतं.
पंचनामा मलाच लिहायला बसवलं, अक्षर चांगलं म्हणून. 'दारूच्या नशेत' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. भीमाची बायको झुंबर समोर बसली होती. वाचता येत नाही तिला, तरी सारखी माझ्या टाकाकडे बघत होती.

१० सप्टेंबर
नकाशा चुलीत घातला. कापड लवकर पेटेना. काठीनं ढोसत बसलो.

२१ सप्टेंबर
भीमाच्या थोरल्या मुलीचं, म्हाळसाचं, ठरलेलं लग्न मोडलं. इंदापूरकडची माणसं येऊन सांगून गेली — दारुड्याच्या घरची सोयरीक नको. पंचनाम्यातच तसं आहे म्हणे.
आज वर्गाला दिवसभर पाढे म्हणायला लावले. मोठ्यानं.

२३ सप्टेंबर
झुंबर शाळेत आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. रडली नाही.
"गुरुजी, उतार तुमी दावलाय, आसं त्ये मला सांगूनच गेले व्हते. पंचनाम्याला मी मुद्दाम गप ऱ्हायले. म्हटलं, शिकलेलं माणूस हाय. लिवतील खरं आपल्या हातानं."