गणिताच्या जागेचा तारांकित प्रश्न

२ जून
राहू गावात एका लग्नात शिक्षक मतदारसंघाचे आमचे आमदार भेटले. जेवणाच्या रांगेतच गाठलं. म्हटलं, गणिताचे सर निवृत्त झाले, जागा रिकामीच. दहावीचं गणित मी शिकवतेय, मराठीची बाई! म्हणाले, "विधान परिषदेत तारांकित प्रश्न टाकतो. मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं." टाका की. आम्ही माध्यमिकच्या शिक्षकांनी मतं देऊन त्यासाठीच तर बसवलंय तिथं.

१८ जून
दहावी. समीकरणं. अल्फिया शेखला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला जायचंय, ती काही सोडत नाही. "मॅडम, दोन्ही चलं उडाली, मग उत्तर काय?" उद्या सांगते म्हटलं. लाज वाटली.

२७ जून
परिषदेनं प्रश्न स्वीकारला. आणि आज कमाल झाली. उत्तरासाठी मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तिथून आमच्या मुख्याध्यापक सरांना मेल : वस्तुस्थिती तातडीने कळवा. सर म्हणाले, "तुमचं मराठी चांगलं हाय, तुम्हीच लिवा उत्तर." प्रश्न माझा, उत्तरही मीच द्यायचं! हात दाखवून अवलक्षण.
सरांचं म्हणणं, 'अंशतः खरे, पर्यायी व्यवस्था केली आहे' एवढंच लिहा. म्हटलं, व्यवस्था म्हणजे मीच ना? "व्हय. पण खरं लिवलं तर नोटीस मला येती. जागा काय भरत न्हाईत."
बिचारे खोटं बोलत नाहीत. त्यांचीही निवृत्ती जवळ आलीय.

२८ जून
लिहिलं. 'खरे आहे. गणित मराठीच्या शिक्षिका शिकवतात. त्यांना ते नीट येत नाही.' सरांनी दोनदा वाचलं. मग केली सही.

१० जुलै
स्टाफरूममध्ये मोबाईलवर परिषद लावली. प्रश्नोत्तराचा तास. सभापती उभे राहिले तरी गोंधळ. तहकूब. परत गोंधळ. परत तहकूब. गेला तास. आमचा नंबरच आला नाही. आला असता तर आमदारांना उपप्रश्न विचारून मंत्र्यांना धरता आलं असतं. आता लेखी उत्तरावर भागवायचं.

११ जुलै
आमदारांनी उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. 'हे अंशतः खरे आहे. पर्यायी व्यवस्था करण्यात आली आहे.' प्रश्नात शेवटी होतं, विलंबाची कारणे काय? त्यावर, 'प्रश्न उद्भवत नाही.'
माझं वाक्य वरच्या कुठल्या टेबलावर धुतलं, देव जाणे. सरांनी शपथेवर सांगितलं, मी होतं तसंच पाठवलं. खरं असणार. डोकं नुसतं तापलंय.
आमदारांना फोन केला. अर्धा तास चर्चेची सूचना देतो म्हणाले, पण त्यांची आमदारकीची मुदतच संपत आलीय. "विधानसभा बरखास्त होते मॅडम, परिषद कधीच होत नाही. थोडी थोडी माणसं तेवढी बदलत राहतात." म्हणजे नवे येणार, 'पहिल्या पसंतीचं मत द्या' म्हणत. त्यांना परत पहिल्यापासून सांगायचं. पण दहावी काय तोवर थांबणारे?

१३ जुलै
अल्फियाचे अब्बू आले होते. रांजणगावला कंपनीत असतात, नाइट करून तसेच आले. दौंडला क्लासला पोरीला एकटीला पाठवायला मन घेत नाही म्हणाले. मग सरळच विचारलं, "गणिताचे सर येनार का न्हाई? येनार नसतील तर सांगा, आर्ट्सला घालतो तिला."
अल्फिया शेजारीच उभी. माझ्याकडं बघत होती, अब्बूंकडं नाही.
म्हटलं, आर्ट्सचं आत्ताच काढू नका, तिचं गणित मी करून घेते. बोलून बसले.
"मंग तुमच्या शब्दावर थांबतो," म्हणाले आणि गेले.
मला भीती वाटतेय. उद्या पहिला तास गणिताचाच आहे.