चुकीच्या वाटेवरचं फडकं

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मी तुमच्यावर चिडलोय. जिवंत होतात तेव्हा काय बिशाद होती माझी.

तुमची सून घर सोडून गेलीय. भांडण नाही, आदळआपट नाही. साताऱ्याला भावाकडे गेली आणि तिथूनच हिंजवडीचं काम करते. पहिली शिफ्ट संपवून मी दुपारी चाकणहून निगडीला येतो, कुलूप उघडतो, आणि घरात कुणी नसलं तरी सवयीने घसा खाकरतो. फार एकटं वाटतं हो.

सगळं त्या चालण्यात झालं. लोणावळ्याहून भीमाशंकरपर्यंत डोंगरातून तीन दिवस, पाठीवर तंबू आणि शिधा. कल्पना तिचीच. "ना तुझी शिफ्ट, ना माझी कॅब. तीन दिवसांत एकमेकांशी बोलायला जमलं तर ठीक, नाहीतर मग बघू," असं तिने स्वच्छ सांगितलं होतं. पहिला दिवस बरा गेला, म्हणजे मी गप्प होतो. दुसऱ्या दिवशी तिचा गुडघा धरला, ती मागे पडली आणि मला कुठला धीर. पुढे जाऊन पाणी बघतो म्हणालो, वाट फुटेल तिथे खूण करतो म्हणालो. एका खिंडीत दोन वाटा फुटल्या. डावी कड्याशी जाऊन संपत होती, मी स्वतः बघून आलो. म्हणून त्या डाव्या वाटेवरच्या झुडपाला लाल फडकं बांधलं आणि उजवीने चालू लागलो.

तुम्हाला यात काही चूक दिसणार नाही. मलाही दिसली नव्हती. मी आठवीत असताना तुम्ही मला कंपनी दाखवायला नेलं होतं. तुम्ही तपासणीच्या टेबलाशी उभे आहात, निळा शर्ट, एका हातात ब्रश, आणि बाद मालावर लाल ठिपका देताय. मी विचारतो, चांगल्याला कुठला रंग? तुम्ही हसता. "चांगल्याला कशाला रंग? तो आपोआप पुढं जातो." घरीही तुमचं तेच. आमटीत मीठ जास्त झालं की आईला कळायचं. बाकीचे दिवस तुम्ही मुकाट जेवून उठायचात. ती तुमच्या तोंडाकडे बघत बसायची, मी पाहिलंय. मीही तपासणीतच लागलो. खाण तशी माती.

पाण्यापाशी तासभर थांबलो. ती येईना, फोनला रेंज नाही. उलटा पळत सुटलो. खिंडीत एक म्हातारे बाबा गुरं घेऊन बसले होते. त्यांना विचारलं, एक बाई इकडून गेली का?

"व्हय, गेली की त्या अंगाला. मी म्हनलं, तिकडं वाट न्हाई. तर म्हनली, नवऱ्यानं खूण बांधलीया, त्यो चुकायचा न्हाई."

कड्याच्या अलीकडे ती दगडावर बसली होती, पाठीवरची सॅकही न काढता. आणि मी सुरुवात कशाने करावी? "लाल दिसत असून आलीस कशी?"

तिने विचारलं, "मग बरोबर वाटेवर काय बांधलं होतंस?"

"काही नाही. ती बरोबरच होती ना."

"म्हणजे मी बरोबर असले तर मला कधी कळणारच नाही," ती म्हणाली. रागाने नाही, दमून. उरलेला दीड दिवस आम्ही जपून चाललो, एकमेकांना पाणी दिलं, आणि बोललो नाही.

मला तिथे म्हणायचं होतं की असल्या गुडघ्याने तू एवढं चाललीस, मी घाबरलो होतो, तू मला हवी आहेस. जमलं नाही. सगळं तुमच्यावर ढकलतोय असं वाटेल, आणि थोडं ढकलतोयच. पण तुमचे दिवस झाल्यावर आईने मला विचारलं होतं, "ह्यांना माझ्या हातचं आवडायचं का रे?" तिला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

रविवारी ती उरलेले कपडे न्यायला येणार आहे. "राहा" एवढंच म्हणायचंय. हे पत्र कुठे टाकणार, पण लिहून जीभ सैल होईल म्हटलं. मघाशी आरशासमोरही उभा राहिलो, अण्णा. तोंड उघडलं आणि म्हणालो, "जाताना कपाटाचं दार नीट लाव."