होडीचा ट्रेलर आणि त्याची कुलपे

मी, विद्याधर यशवंत सबनीस, वय वर्षे त्रेसष्ट, विक्रोळीच्या कारखान्यातील ड्रॉइंग ऑफिसमधून निवृत्त, राहणार शुभदा सहकारी गृहनिर्माण संस्था, मुलुंड पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे प्रमाणपत्र डॉ. वसुधा पाटणकर यांनी दिलेले आहे. संस्थेचे सेक्रेटरी श्री. चंद्रप्रकाश दळवी यांचे मत याहून वेगळे असले तरी ते डॉक्टर नाहीत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नीने एवढेच सांगितले की काय ते लवकर लिहा, टेबल जेवायला लागते.

कलम १. संस्थेतील माझा फ्लॅट माझ्या पश्चात माझी पत्नी सौ. मृणालिनी हिच्या एकटीच्या मालकीचा होईल. तिच्या हयातीत त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क राहणार नाही. पलंगाखालची जागाही यात आली. ती जागा काही वर्षे तिला वापरता आलेली नाही, त्याचा खुलासा कलम ४ मध्ये आहे.

कलम २. बँकेतील ठेवी व फंडाची शिल्लक मृणालिनीस, आणि तिच्यामागे मुलगी सौ. नीला हिला. जावयांनी यात लक्ष घालू नये. ते सज्जन आहेत, पण जेवताना शेअर बाजाराविषयी बोलतात.

कलम ३. माझा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि कंपासपेटी नीलाला. ती शाळेत भूमिती शिकवते आणि कंपास न वापरता फळ्यावर वर्तुळ काढते, असे मी ऐकून आहे. हे थांबावे.

कलम ४. आता ट्रेलर. हे कलम लांबेल. या ट्रेलरवरून संस्थेत, घरात आणि पोलिसांपुढे इतके बोलले गेले आहे की माझ्यामागे कोणीतरी चुकीचे सांगणार.

जयवंत धोंडू मेस्त्री हा आमच्याच कारखान्यात, लाकडी साचे करणाऱ्या पॅटर्न शॉपला होता. राहायला भांडुप, मूळ देवगडकडचा. दुपारचा डबा आम्ही एकत्र खात असू आणि रविवारी पवईच्या तलावावर गळ टाकून बसत असू. १९७९ साली त्याने एक लहान लाकडी होडी बांधायला घेतली, कारण काठावर बसून मासे धरणे हे त्याला म्हाताऱ्यांचे काम वाटे. होडी भांडुपहून पवईला न्यायची कशी, हा प्रश्न मी सोडवला. भाड्याने मिळणाऱ्या जीपच्या मागे जोडता येईल असा दोन चाकांचा लोखंडी ट्रेलर मी कागदावर काढला आणि एका गॅरेजात करून घेतला. खर्च दोघांचा निम्मा निम्मा. त्यामुळे होडी दोघांची आणि ट्रेलरही दोघांचा. प्रत्यक्षात होडी त्याची आणि ट्रेलर माझा, हे आम्हा दोघांना न बोलता कळत होते.

ट्रेलर आमच्या गल्लीत, संस्थेच्या भिंतीला लागून उभा असे. पहिल्याच गणपतीत त्याची चाके गेली. सकाळी पाहतो तर ट्रेलर विटांवर उभा. त्या विटा संस्थेच्या आहेत का, अशी विचारणा श्री. दळवी यांनी केली. चोराने विटा स्वतःच्या आणल्या होत्या, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. चाकांविषयी त्यांनी काही विचारले नाही.

त्यानंतर मी ट्रेलरच्या सुरक्षेकडे लक्ष घातले. नवी चाके घेतली आणि तलावावरून आलो की ती काढून वर आणू लागलो. पलंगाखाली ठेवू लागलो. ट्रेलर आवारात घेतला. एका कोपऱ्यात सिमेंटमध्ये लोखंडी खांब पुरला आणि आसातून जाडजूड साखळी ओवून त्या खांबाला बांधली. जीपला अडकवायच्या कड्यावर पेटीसारखे झाकण बसवले आणि त्याला वेगळे कुलूप लावले. एवढे करूनही न्यायचा तो नेईलच, हे मी जाणून होतो. म्हणून ट्रेलरच्या मागच्या पट्टीवर ठळक अक्षरांत रंगवून घेतले, 'हा ट्रेलर चोरीचा आहे. दिसल्यास सबनीस, मुलुंड यांस कळवावे.' चोरी होण्याआधीच सूचना लिहून ठेवली की चोराला ती खोडावी लागते, आणि खोडलेली पट्टी कोणाच्याही नजरेत भरते. यामागचा विचार मी सर्वसाधारण सभेत समजावून सांगितला होता. लोक हसले. श्री. दळवी यांनी ते हसणे इतिवृत्तात घेतले.

पुढच्याच रविवारी कांजूरमार्गच्या वळणावर हवालदाराने आमची जीप अडवली. मीच सबनीस, हे मी त्याला पटवत होतो, पण सबनीस असल्याचा कागद माझ्याजवळ नव्हता. जयवंत जीपमधून उतरलाही नाही. म्हणाला, "साहेब, चोरी अजून व्हायची आहे. हे नुसतं ॲडव्हान्स बुकिंग." त्या दिवशी तलाव दिसला नाही. जयवंत भांडुपपर्यंत हसत होता. मृणालिनीला सांगताना पुन्हा हसला. मीही हसलो असे ती म्हणते. मला आठवत नाही.

कुलपे काढा, साखळी सोडवा, चाके खाली आणा, बसवा, यात रविवारची सकाळ जाऊ लागली. मग जयवंत म्हणाला, होडी तलावावरच राहू दे. तिकडे झाडाखाली ती पालथी घालून आम्ही सुंभाने बांधून ठेवू लागलो आणि बसने जाऊ लागलो. होडीचे काय, असे त्याने एकदा विचारले होते. मी सांगितले की ट्रेलरशिवाय होडी नेता येत नाही आणि ट्रेलर कुलपात आहे, म्हणजे होडीही कुलपातच आहे. हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो.

१९८४ च्या एप्रिलात जयवंताने मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्याची पत्नी सुगंधा हिला गाव हवा होता, आणि आता त्यालाही हवासा झाला होता. मला त्याने डबा खाताना सांगितले आणि त्याच दमात होडी गावच्या खाडीत न्यायला ट्रेलर मागितला. मी नाही म्हटले. एवढा लांबचा रस्ता, वाटेत कुठे उभा करणार, चाके जातील, हे सांगितले. तो म्हणाला, "चाकं गेली तर जातील रे. मी चाललोय, त्याचं काय?" मी त्याला झाकणाच्या कुलपाची रचना समजावत राहिलो. त्याने डबा बंद केला.

मे महिन्यात होडी गेली. देवगडहून आंब्याच्या पेट्या घेऊन आलेला ट्रक परत रिकामा जातो, हे मला सुचायला हवे होते. मी त्याच दिवशी पोलिसांत तक्रार दिली. कोणावर संशय आहे का, असे विचारल्यावर नाही असे सांगितले. ते खरे होते. मला संशय नव्हता, खात्री होती.

त्या दिवाळीत श्री. दळवी आपल्या गावी गेले. तेही त्याच बाजूचे. परत आल्यावर जिन्यातच मला गाठून आनंदाने म्हणाले, "सबनीस, तुमची होडी सापडली. खाडीत आहे. तुमचं नाव, मुलुंड, सगळं लिहिलंय तिच्यावर." मी काही करण्याआधीच त्यांनी जबाबदार नागरिक या नात्याने पोलिसांना कळवले होते. मला ओळख पटवण्यासाठी देवगडला जावे लागले.

होडी खाडीत होती. जयवंताने तिला निळा रंग दिला होता आणि मागच्या फळीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिले होते, 'ही होडी चोरीची आहे. दिसल्यास सबनीस, मुलुंड यांस कळवावे.' अक्षराचे वळणसुद्धा माझ्या पट्टीवरचेच. तो काठावर उभा होता आणि माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होता. सुगंधावहिनी दारात उभ्या होत्या. त्या मात्र माझ्याकडे बघत होत्या.

"ही तुमची होडी ना?" बरोबरच्या हवालदाराने विचारले.

"नाही," मी म्हणालो.

"साहेब, नाव आहे की तुमचं."

"सबनीस पुष्कळ आहेत."

"मुलुंडला?"

"मुलुंडलाही."

त्याने तसा जबाब लिहून घेतला आणि मी सही केली. माझ्या जबाबाचे कारण मी तेव्हा दिले नाही, ते येथे देतो. आमची होडी झाडाखाली पालथी असे. ही सरळ होती आणि पाण्यात होती. तीच होडी, असे शपथेवर सांगणे मला जमले नसते.

सुगंधावहिनींनी जेवायला वाढले. सोलकढी झाली होती. जयवंत माझ्या शेजारीच जेवायला बसला आणि भिंतीकडे तोंड करून जेवला. निघताना मी त्याला ट्रेलरविषयी काही म्हणालो नाही आणि तोही मला होडीविषयी काही म्हणाला नाही. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. यात माझे काही चुकले असे मी येथे लिहून देत नाही. त्यानेही तसे कोठे लिहून दिलेले नाही.

सबब, होडी मी कोणाला देत नाही. माझी होडी नाही, तसा माझा जबाब सरकारदरबारी आहे. ट्रेलर मात्र दोन्ही चाकांसह मी जयवंत धोंडू मेस्त्री यास देतो. त्याच्याकडे कोणाची तरी एक होडी आहे. ती या ट्रेलरवर बरोबर बसेल असा माझा अंदाज आहे. त्याने ट्रेलर स्वतः येऊन न्यावा, माणूस पाठवू नये.

कलम ५. वरील ट्रेलरची सर्व कुलपे व किल्ल्या श्री. चंद्रप्रकाश दळवी यांस. इतकी वर्षे ती लावलेली आहेत की नाहीत हे माझ्याखालोखाल त्यांनीच पाहिले. सिमेंटमधील खांब संस्थेस. तो निघत नाही. संस्थेने दोनदा प्रयत्न केला आहे.

कलम ६. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर तीत पार्किंगचा विषय काढू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी नीलाने करावी. वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

मुलुंड, दि. २१ फेब्रुवारी १९८८
(सही) वि. य. सबनीस
साक्षीदार: १. डॉ. वसुधा पाटणकर  २. चंद्रप्रकाश दळवी

पुरवणी

मी, वर उल्लेखिलेला सबनीस, अद्याप हयात असल्याने वरील मृत्युपत्रास ही पुरवणी जोडत आहे.

मृत्युपत्र मृणालिनीने वाचले. ती वाचणार नाही असे मी गृहीत धरले होते. कलम १ ते ३ विषयी तिची तक्रार नव्हती. कलम ४ वाचून झाल्यावर तिने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "तो स्वतः येऊन ट्रेलर नेईल, तेव्हा तुम्ही नसाल. मग तो बोलणार कोणाशी? माझ्याशी?" मी म्हणालो, कायद्याने तसेच असते. कायद्याविषयी ती जे म्हणाली ते येथे नोंदवीत नाही.

तिने श्री. दळवींना गाठले. ते एप्रिलमध्ये गावी निघालेच होते. ट्रेलर आवारातून जाणार, एवढे कळताच त्यांनी जयवंताला निरोप पोचवण्याचे काम तातडीने केले.

काल सकाळी जयवंत आला. गावातल्या कोणाची तरी जीप घेऊन आला होता. केस पिकलेत, पोट आत गेले आहे. वर आला, मृणालिनीने दिलेले पाणी प्यायला, आणि माझ्याशी पहिले वाक्य बोलला ते हे, "काय रे, चाकां अजून खाटेखालीच आसत?"

मी हो म्हणालो. त्याने स्वतःच वाकून ती ओढून काढली.

खाली गेलो. चाके सहज बसली. कड्याच्या झाकणाचे कुलूप तेल घातल्यावर उघडले. साखळीचे मात्र उघडेना. किल्ली फिरेना, तेल चालेना, हातोडी चालेना. इतक्या पावसाळ्यांत आत सगळे एक झाले होते. शेवटी मी हॅकसॉ आणला आणि आम्ही आळीपाळीने साखळी कापायला बसलो. बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. श्री. दळवींनी वरून विचारले की खाली काय चालले आहे.

"चोरी," जयवंत म्हणाला.

साखळी तुटायला दुपार झाली. घाम पुसताना मी त्याला सांगितले की पावसाळ्यात होडी वर ओढायला ट्रेलर उपयोगी पडेल, मात्र तो खाडीवर उघडा टाकू नको. तो म्हणाला, "तू येऊन बघ, खंय ठेवतंय तो." मी म्हणालो, येतो. मृणालिनी पिशवी भरते आहे. आम्ही उद्या त्याच्याच जीपमधून निघणार आहोत.

ट्रेलर हयातीतच देऊन झाल्यामुळे कलम ४ मधील देणगी रद्द समजावी. त्यातील हकीकत कायम.

वकिलांनी आणखी एक दोष दाखवला. मृत्युपत्रान्वये ज्याला काही मिळते, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला ते मिळत नाही. श्री. दळवी यांना कुलपे मिळत असल्याने, बाकी मृत्युपत्र कायम करणाऱ्या या पुरवणीवर दुसरा साक्षीदार हवा, म्हणजे कुलपे त्यांच्याकडेच जातील. आता ज्याला या मृत्युपत्रातून काहीच मिळत नाही, असा माणूस घरात एकच होता. मी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि कायदा सांगितला.

"म्हणजे माका कायच गावणार नाय, म्हणून मी सही करूची?" जयवंताने विचारले.

"हो."

"मग दी पेन."

मुलुंड, दि. ८ मे १९८८
(सही) वि. य. सबनीस
साक्षीदार: १. डॉ. वसुधा पाटणकर  २. जयवंत धोंडू मेस्त्री