पान तेविसाची दुरुस्ती

मेहरूण, जळगाव
रविवार, दुपार

तबलानिपुण, सोनगीरभूषण (दोन्ही किताब मी आत्ताच दिले आहेत, समारंभ होणार नाही) अभिमनभाऊ यांस, नवलचा दोन्ही हात जोडून नमस्कार. सरितावहिनींनाही नमस्कार सांग. तब्येतीची चौकशी रीत म्हणून करत नाही. नुकतेच केस उतरवलेल्या माणसाने या उन्हात टोपीशिवाय धुळ्याला जाऊ नये, एवढंच सांगायचं आहे. आमच्याकडे गुडघा दुखतो, बीपी चढतं आणि मासिक बंद पडतंय. बाकी सर्व कुशल.

पत्र लिहिण्यास कारण, एक अत्यंत गंभीर तक्रार. झुंबरमाय गेली म्हणून गेल्या आठवड्यात मी तुझ्या दारावर बसायला आलो, तेव्हा तुझ्या ओट्याखाली शंभरेक जोड चपला होत्या. त्यांतून परतताना मी ज्या दोन घालून निघालो, त्या दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या. एक माझी, एक कुणा अनोळखी सद्गृहस्थाची. म्हणजे सोनगिरात कुणीतरी दोन उजव्या घालून फिरत असणार, त्याचा तपास लाव. (तू म्हणशील, घालताना कळलं नाही का? पाय चावतोय हे कळत होतं. पण अशा दिवशी काहीतरी चावणारच, असं वाटलं.) पारोळ्याला बस थांबली, चहाला उतरलो, तेव्हा शेजारचे एक आजोबा माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "भाऊ, दोन्ही डावाच शेत ना!" एवढ्या वेळात माणसाला आपले पाय दिसत नाहीत, म्हणजे त्याचं लक्ष कुठे असेल याचा विचार तूच कर. आणि उजव्याचं डावं झालं की कसं वाटतं, हे मला अकरा वर्षांनी, पारोळ्याच्या स्टॅंडवर, कळलं.

आता विषय निघालाच आहे (तो मीच काढला, हे तुझ्या लक्षात आलं असेलच), तर आमच्या धंद्याबद्दल थोडं. 'गिरणास्वर' मासिकाची पानं मी सव्वीस वर्षं लावली. संगीताच्या मासिकाला संगीतापेक्षा नियमच जास्त. मुखपृष्ठावर गायक हवा, त्याचे डोळे मिटलेले हवेत आणि एक हात वर हवा. तो तान घेतोय की रिक्षा थांबवतोय, हे वाचकाने ठरवायचं. लेखाच्या मागे फिकट तंबोरा छापायचा, म्हणजे लेख वाचता येत नाही आणि लेखकाची अब्रू वाचते. गायकाला पाऊण पान, हार्मोनियमला काडेपेटीएवढी जागा, तबल्याला पोस्टाच्या तिकिटाएवढी, आणि तंबोऱ्यावर बसलेल्या मुली 'आदी' या शब्दात. बंदिशीच्या तक्त्यात एका ओळीत चार मात्रा. एकदा रकाना अरुंद पडला, सोळा मात्रांनंतरची सम पान उलटून गेली, आणि तिथे जाहिरात लागल्यामुळे ती पुढच्या अंकात आली. सावद्याच्या एका वर्गणीदाराने लिहिलं की मी महिनाभर हात वर धरून बसलोय. या सगळ्या नियमांचा राजा म्हणजे चेहऱ्याचा नियम. फोटोतल्या माणसाने पानाच्या आत बघायचं. तो बाहेर बघू लागला की वाचकाची नजर त्याच्यामागे बाहेर जाते आणि परत येत नाही, असं आमचे मालक-संपादक कौतिकनाना म्हणायचे. (नानांचे वर्गणीदारही असेच गेले. त्यांना कुणी बाहेर बघायला शिकवलं कोण जाणे.)

त्या वर्षी खान्देशातल्या तबलावादकांवर लेख होता. मासिकाच्या इतिहासात पहिल्यांदाच तबल्याला अर्धं पान मिळालं, ते तुला. पान तेवीस, म्हणजे उजवीकडचं. आणि तुझ्या फोटोत तू उजवीकडे, थेट पानाबाहेर बघत होतास. मी संगणकावर एक बटण दाबलं. झालं. तू पानाच्या आत बघू लागलास, आणि तुझा उजवा हात डावा झाला. मनगटावरचं घड्याळ उजव्या मनगटावर गेलं, नव्या कुडत्याचा खिसा छातीच्या पलीकडच्या बाजूला गेला, आणि सोनगीरच्या तांबटाने खास तुझ्यासाठी घडवलेला तो डग्गाही जागा बदलून बसला. मी समाधानाने पान बघितलं. मांडणी सुंदर होती. माणूस खोटा होता, पण तो मला दिसला नाही.

पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण मला ते कधी कुणासमोर मांडता आलेलं नाही. धुळ्याच्या संगीतसभेने अंक बघून तुला साथीला बोलावलं, आणि डावखुरा तबलजी म्हणून बैठकच उलटी मांडली. तू आलास, तर तुझ्या जागेवर हार्मोनियम. मग हार्मोनियमवाले उठले, सतरंजी उचलली, माईकची वायर पायात आली, गायिका घड्याळ बघू लागली, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वस्तादना हात कोनता, ते पहिले ठरावा!" सभागृह हसलं. हसणाऱ्यांत मीही होतो, चौथ्या रांगेत. तू मला पाहिलंस, हेही मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी तू आमच्या कार्यालयाचा जिना चढून आलास. अंक टेबलावर ठेवलास. आरडाओरडा करशील म्हणून मी तयारीत होतो (नानांनी चहा आधीच सांगितला होता). तू एवढंच म्हणालास, "नवल, मनी मायले काय सांगू?" गावभर पेढे वाटले होते झुंबरमायने. आणि मी, ज्याची जीभ सव्वीस वर्षांत एकदाही वेळेवर थांबलेली नाही असा मी, म्हणालो, "सांग, डावखुरे लोक फार हुशार असतात." नाना हसले. तू गेलास. चहा नानांनी आणि मी प्यायला.

दुरुस्ती छापायची मी हिंमत केली नाही असं नाही. शेवटच्या पानावर, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, जिथे दुरुस्त्या राहतात तिथे, मी ती दोनदा लावली. नाना म्हणाले, "दुरुस्ती छापली की वाचकाला कळतं, चूक झाली होती." तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. पहिल्या वर्षी वाटलं, तू विसरशील. नंतर वाटलं, मी विसरेन.

त्या दिवशी दारावर आलो, तेव्हा तू पाटावर बसला होतास. माझ्याकडे बघून "बस" म्हणालास. अकरा वर्षांतला तुझा पहिला शब्द. मी बसलो, पण डोळे कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून पाणी मागायच्या निमित्ताने आत गेलो. तिथे कोनाड्यात ते पान तेवीस चिकटवलेलं होतं, आणि त्याच्या समोर, दाढीचा जुना आरसा. मला वाटलं, सामानाच्या गर्दीत राहिला असेल. सरितावहिनी म्हणाल्या, "आत्यांनीच लावला तो. कुणी आलं की हाताला धरून इथे उभं करायच्या. कागदवर नका देखू, आरसामा देखा, म्हणायच्या. आठे मना अभिमन बराबर शे." मी आरशात पाहिलं. खरंच, तू बरोबर होतास. उजवा हात उजवा, घड्याळ डाव्या मनगटावर. लेखाची सगळी अक्षरं मात्र उलटी दिसत होती. पण तिला त्याचं काय? सुलटीही तिला वाचता येत नव्हती.

सव्वीस वर्षं मांडणी करून जे मला जमलं नाही, ते तिने एका आरशात केलं. मी पाणी न पिताच बाहेर आलो. चपलांचं कसं झालं, ते आता तुला कळलं असेल.

कळावे. लोभ राहिला असेल तर असू द्यावा. नसेल तर मी समजू शकतो.

तुझा (निदान पूर्वीचा)
नवल

ता. क. : चेहऱ्याचा नियम वगैरे जे वर लिहिलं, ते खरं असलं तरी खरं कारण नाही. तुला डावीकडच्या पानावर, बाविसावर, टाकलं असतं, तर फोटोला हातही लावावा लागला नसता. तू आपोआप आतच बघितला असतास. पण बाविसावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची पूर्ण पान जाहिरात होती, आणि ती हलवायची माझी छाती नव्हती. पुढाऱ्याला हलवण्यापेक्षा तुझा हात हलवणं सोपं वाटलं. अकरा वर्षं मी नियमामागे लपलो.

ता. क. २ : नाना लेकीकडे नाशिकला गेले. हा शेवटचा अंक सगळा माझ्या हातात आहे, आणि बावीस-तेवीस मी थांबवून ठेवलेत. बाविसावर तुझा फोटो लावला आहे, मूळचा, जसाच्या तसा. तू उजवीकडे बघतोयस, आणि समोरचं पान तेवीस कोरं आहे. तिथे झुंबरमायचा एखादा फोटो हवा. पत्राचं कारण हेच, चपलांचं नव्हे. लग्नातला, रेशनकार्डावरचा, कसलाही चालेल. ती कुठेही बघत असली तरी मी उलटवणार नाही. काळी चौकटही घालणार नाही. अंक गुरुवारपर्यंत थांबेल. तुझ्याकडून तिचा फोटो आला नाही तर पान कोरंच जाईल, पण तिथे दुसरं काही लागणार नाही.

ता. क. ३ : पहिल्या पानाची छपाई काल झाली. छापखान्यातून निघालेला पहिला कागद सोबत आहे. त्या पानावर कुणाचा वर केलेला हात नाही, मागे तंबोरा नाही, आणि अक्षरं मुंगीएवढी नाहीत: "दुरुस्ती. अकरा वर्षांपूर्वी आमच्या पान तेविसावर श्री. अभिमन यांचे छायाचित्र उलटे छापले गेले. ते तबला उजव्या हाताने वाजवतात, आणि पहिल्यापासून उजव्याच हाताने वाजवत आले आहेत. चूक मांडणीकार नवल यांची." कोनाड्यातलं जुनं पान काढून त्या जागी हा कागद लाव. आरसा दाढीला घे.