समोरची देवडी

मी मच्छिंद्र बिन धर्मराज, धंदा गवंडीकाम व नंतर फाटकाची राखण, वय अदमासे पासष्ट, राहणार देशमुखांची कोठी, तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद, इलाखा निजाम सरकार. छातीत कफ दाटला आहे, पण अक्कल शाबूत आहे. कोणाच्या भिडेने वा धाकाने नव्हे, राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे.

कलम १. कोठीच्या फाटकाच्या दोन बाजूंच्या दोन देवड्या मालक काकासाहेब देशमुख यांनी मला चाकरीबद्दल बक्षीसपत्राने दिल्या आहेत. त्या मीच बांधल्या. काकासाहेब विलायतेहून तिकडच्या एका बागेच्या फाटकाचे चित्र घेऊन आले होते. तिकडे बर्फ पडतो म्हणे, म्हणून छपरे उभ्या उताराची. इथे बर्फ कुठला? पण चित्रात होती, तशी केली. धुरांडीही केली, त्यांतून आजवर धूर निघाला नाही. दोन्ही देवड्या इंचाइंचाने सारख्या आहेत. मधली वाट चित्रात बारा फूट होती. पुढेमागे मोटार येईल म्हणून अठरा ठेवावी, असे मीच सुचविले.

कलम २. पूर्वेच्या देवडीत मी राहतो. पश्चिमेच्या देवडीत माझी बायको गोजरबाई चौदा वर्षे वेगळी राहते. कारण लिहवून ठेवतो. मोठे फाटक फक्त मालकाच्या गाडीसाठी उघडायचे, बाकीच्यांनी बाजूच्या दिंडीतून, म्हणजे बुटक्या दारातून, वाकून जायचे, असा हुकूम होता. आमची एकुलती लेक तुळजा लग्न होऊन जाफराबादेस निघाली, तेव्हा काकासाहेब हैदराबादेस होते. किल्ली माझ्या कमरेला होती. गोजर म्हणाली, "पोरगी एकदाच जाती. उघडा."

मी म्हणालो, "हुकूम न्हाई."

तुळजा हळदीच्या अंगाने दिंडीतून वाकून गेली. दुसऱ्याच वर्षी तापाने गेली. फाटक उघडले नव्हते हे काकासाहेबांना कळले तेव्हा ते म्हणाले, अरे, उघडायचं होतंस. त्या दिवशी गोजर आपले अंथरूण घेऊन समोर गेली. तेव्हापासून माझ्याशी शब्द नाही. दोन्ही वेळा माझे ताट उंबऱ्यावर ठेवते, कडी वाजवते आणि पाठ फिरवते.

तिची खोली मीच बांधलेली. कोनाडा कुठे, चूल कुठे, खिडकीशी ऊन किती वेळ थांबते, हे सगळे मला इथे बसून ठाऊक आहे. ती आत काय करत असेल ते मात्र कळत नाही.

कलम ३. करणी, थापी, गुण्या ही माझी गवंडीकामाची हत्यारे पुतण्या कचरू यास द्यावीत. माझी धुरांडी वाकडी आहेत असे तो अंबडच्या बाजारात सांगत असतो. बांधकाम सरळ आहे का ते पाहायचा ओळंबाही त्यालाच द्यावा, म्हणजे लावून बघेल.

कलम ४. दोन्ही देवड्या माझ्या पश्चात गोजरबाईच्या. कोणी हरकत घेऊ नये. आणि तोंडाने सांगता आले नाही ते कागदावर सांगतो: फाटक उघडायला पाहिजे होते.

कलम ५. एवढे झाल्यावर लेखक केशव जगन्नाथ हे कागद घेऊन समोर गेले व गोजरबाईस सर्व वाचून दाखविले. ऐकून ती म्हणाली, "त्यांना सांगा, दोन देवड्यांचं मी काय करू? एकीतच दिवस सरत न्हाई."

हे शब्द बोलले तसेच लिहावे, असे मी सांगितले.

येणेप्रमाणे वाचून घेतले, बराबर आहे. मुक्काम देशमुखांची कोठी, माघ शुद्ध पंचमी, शके १८५८, फसली सन १३४६.

मच्छिंद्र बिन धर्मराज, निशाणी डावा अंगठा

साक्षीदार: कारभारी पाटील, सही दस्तुर खुद्द
साक्षीदार: रामराव शिंपी, निशाणी अंगठा

संमती: गोजरबाई, निशाणी अंगठा. अंगठ्यासाठी कागद पुन्हा समोर नेऊ लागलो असता बाई स्वतः पूर्वेच्या देवडीत आल्या व मच्छिंद्र यांच्या खाटेशेजारी बसून अंगठा उठविला. हे लिहितोवर बसलेल्या आहेत.

दस्तुर केशव जगन्नाथ, लेखक