शेंदूर लावलेली हद्द

ब्रॅकनेल, इंग्लंड,
एप्रिल (इथे याला वसंत म्हणतात, मी कानटोपी घालून लिहितो आहे)

राजमान्य राजेश्री शशिकांतराव यांना, त्यांच्या एकुलत्या एका मेहुण्याचा, म्हणजे पुरुषोत्तमचा, नागपूरच्या दिशेने तोंड करून नमस्कार.

आपली प्रकृती ठणठणीत असणारच. दुसऱ्याच्या काळजीने माणूस खंगतो, आणि तो रोग तुम्हाला कधी जडला नाही. सीमाच्या गुडघ्यांना आराम पडला का? तिला म्हणावं, दादा रोज आठवण काढतो. आमच्या बेसा रोडच्या रिकाम्या प्लॉटवर तुमचे अगदी बारीक लक्ष आहे असे तिने फोनवर सांगितले, तेव्हापासून मला झोप कशी ती नाही. (उपकार हो, उपकार.) आमची सौभाग्यवती लीलावती आज असती तर तिने स्वतःच आभाराचे चार शब्द लिहिले असते, आणि ते तुम्हाला झेपले नसते.

इकडे मी सध्या अमेरिकेचा इतिहास शिकतो आहे. आमची नात अक्षया जीसीएसईला आहे (आपली दहावीच, फक्त रडारड इंग्रजीतून). अमेरिकेचा पश्चिम भाग कसा वसला, हा तिला इतिहासात आख्खा विषय आहे. निम्मे जग इंग्रजांनी बळकावले तो धडा फार लांबेल म्हणून की काय, इथे पोरांना दुसऱ्यांनी बळकावलेली जमीन शिकवतात. तिच्या बापाला, आमच्या चिरंजीव अनुपला, ऑफिसमधून मान वर करायला वेळ नाही, तेव्हा तिची उजळणी घेण्याचे काम माझ्याकडे. जन्मभर भूमापन खात्यात मोजण्या केलेला माणूस मी, ते पुस्तक पोथीसारखे वाचून काढले. तिकडच्या सरकारने म्हणे कायदा केला: पश्चिमेला जा, एकशे साठ एकर घ्या, घर बांधा, पाच वर्षे कसा, जमीन तुमची. घर बारा बाय चौदाचे हवे. आता फूट की इंच हे कुणी लिहिलेच नव्हते, म्हणून काही बहाद्दरांनी बाराचौदा इंचांची बाहुलीची घरे मांडून शपथेवर सांगितले म्हणतात की साहेब, घर आहे. शशिकांतराव, मी पुस्तकाला हात जोडले. एवढ्या प्रतिभेचा माणूस आमच्या खात्यात मला भेटला नाही, आणि तुम्हाला तर मी चांगला ओळखतो. जमीन रिकामी होती म्हणून वाटली, असे मी अक्षयाला समजावत होतो. ती म्हणाली, "नाही आजोबा, तो जमीन रिकामा नव्हता. तिथे लोक ऑलरेडी राहत होते!" मी म्हटले, बरं, परीक्षेत तसं लिही.

आता मूळ मुद्दा. अनुपने कधीकाळी कौन्सिलकडे नाव नोंदवले होते, त्याला शेवटी अ‍ॅलॉटमेंट मिळाली. (अ‍ॅलॉटमेंट म्हणजे भाजी लावायला भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा. आपल्याकडे एवढ्या जागेत दोन मजली इमारत आणि एक कोर्टकेस उभी राहते.) त्याच्या नावाचा तो तुकडा माझ्या ताब्यात आला, आणि या देशात मला पहिल्यांदाच सकाळी उठायला कारण मिळाले. नियम तोच, अमेरिकेचा: कसाल तर राहाल, नाहीतर समिती काढून घेईल. मी मेथी लावली, पालक लावला. शेजारचा तुकडा कुणा ग्रॅहमचा. त्यावर गवत, अंगाला लागताच आग करणारे रान आणि मालकाचा पत्ता नाही. कायद्याचा अभ्यास ताजा होता, त्यामुळे न कसलेली जमीन बिनमालकाची हे मला लगेच पटले. हद्दीची खुंटी मी वीतभर सरकवली. मग कोथिंबिरीला जागा लागली, मग मिरचीला. मग तिथले एक काटेरी झुडूप आडवे येत होते, ते उपटून खतात टाकले. तेवढ्यात समितीच्या सेक्रेटरीबाईंचा अनुपला ई-मेल आला की हद्दीबाबत तक्रार आहे, शनिवारी पाहणी होईल, तक्रार खरी निघाली तर तुकडा परत घ्यावा लागेल. अनुप म्हणाला, "बाबा, प्लीज, खुंटी परत लावा. इट्स अ व्हेरी सीरियस मॅटर." तो तुकडा गेला असता तर मी खिडकीत बसून कचऱ्याचे डबे न्यायला येणाऱ्या गाड्या मोजत राहिलो असतो. म्हणून आपल्या मातीतला रामबाण उपाय केला. नव्या हद्दीवर एक गोटा पुरला आणि लेस्टरच्या देशी दुकानातून आणलेला शेंदूर त्याला फासला.

शशिकांतराव, तिकडे अमेरिकेत गोऱ्यांनी काटेरी तारेने अख्खी कुरणे अडवली, पण शेंदराची सर तिला नाही. समिती आली, वाकून पाहिले, टोप्या काढल्या. श्रद्धेच्या वस्तूला कुणी हात लावू नये, असे ठरले. मी मनातल्या मनात फेटा उडवला. इतक्यात काठी टेकत ग्रॅहम आला. खुब्याचे ऑपरेशन झाले होते, म्हणून इतके महिने घरी पडून होता. आता हा बोंब मारणार म्हणून मी खाली पाहिले, तर त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मी आजारी असताना तुम्ही माझी जमीन राखलीत, वर माझ्यासाठी प्रार्थनेचा दगड ठेवलात, म्हणाला. समितीसमोर म्हणाला! तक्रार तिथेच मिटली. सेक्रेटरीबाईंचे डोळे ओले झाले. अक्षया माझ्याकडे जशी पाहत होती, ते मी इथे लिहीत नाही.

मग तो हळूहळू आपल्या तुकड्यात गेला आणि काहीतरी शोधू लागला. मला वाटले, काठी अडकली. तो खताच्या ढिगापाशी थांबला. ते काटेरी झुडूप गूजबेरीचे (इथले एक आंबट फळ) होते. "नेव्हर माइंड," तो म्हणाला, "माझ्या बायकोने लावलं होतं, एवढंच." हे 'एवढंच' म्हणायला इंग्रजच हवा. माणसाने भांडावे हो, शिव्या द्याव्यात, वकील लावावा. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. संध्याकाळी अक्षयाला घेऊन गेलो, झुडूप परत लावले, खुंटी जुन्या जागी ठोकली. रोज पाणी घालतो. ग्रॅहम शेजारी खुर्ची टाकून बसतो. अजून पालवी नाही.

बाकी सर्व क्षेम. सीमाला आशीर्वाद.

आपला,
पुरुषोत्तम

ता. क. सीमाकडूनच कळले की आमच्या प्लॉटवर परवा मारुतीराया आपोआप प्रकट झाले, आणि नेमके तुमच्या गाडीच्या नव्या शेडला लागून. देवाची इच्छा. नोकरीत असे पुष्कळ मारुती मी प्रकट होताना पाहिले आहेत, आणि शेंदूर ओला असतानाच पंचनामा करावा लागतो हेही मला ठाऊक आहे.

ता. क. दुसरा. वकिलाला लिहिलेले पत्र फाडून टाकले. शेड राहू द्या, मारुतीही राहू दे. पण कुंपणाच्या कोपऱ्यात लीलावतीने लावलेला कढीपत्ता आहे. शेड बांधताना तो तोडला असेल, तर मला कळवू नका. उभा असेल, तर उन्हाळा सुरू झालाय, रोज एक बादली पाणी घाला. एवढंच.